पॅरासिटामॉलची गोळी कॅप का होते?

बीफार्म_पोरगा: नुसतं पॅरासिटामॉल डायरेक्ट पंच केलं (पावडर तशीच मशीनमध्ये दाबून गोळी केली) तर गोळीचं वरचं टोपण सुटून येतंय, प्रेशर वाढवलं तर अजूनच. सर म्हणतात क्रिस्टलचा दोष, म्हणजे नक्की काय?

गोळीवाला: एकाच औषधाचे क्रिस्टल वेगवेगळ्या मांडणीचे असतात, त्यांना फॉर्म म्हणतात. बाजारात मिळतो तो फॉर्म १, मोनोक्लिनिक (क्रिस्टल-रचनेचा एक प्रकार). त्यात रेणूंचे थर सपाट नसतात, नागमोडी दुमडलेले असतात नि एकमेकांत अडकतात, त्यामुळे दाब दिला तरी थर घसरत नाहीत, कण तुटतात, आणि पंच वर गेला की दबलेला माल परत फुगतो, झालं, टोपी सुटली. प्रेशर वाढवून काय होणार, फुगणं वाढतं.

बीफार्म_पोरगा: मग फॉर्म २ का नाही वापरत?

गोळीवाला: तो ऑर्थोऱ्हॉम्बिक (रचनेचा दुसरा प्रकार), थर सपाट, पत्त्यांच्या कॅटसारखे सरकतात, गोळी मस्त बसते. रेणू तोच हां, फक्त मांडणी वेगळी. पण मेटास्टेबल आहे, म्हणजे पक्का स्थिर नाही, कधी फॉर्म १ होऊन बसेल भरवसा नाही. म्हणून फॉर्म १ मध्येच पीव्हीपी (चिकटवणारं पॉलिमर) नाहीतर स्टार्च पेस्ट घालून वेट ग्रॅन्युलेशन करतात, म्हणजे पावडर ओली करून दाणे (ग्रॅन्युल्स) बनवून वाळवतात.

प्रॉडक्शन_नाईट: आणि ग्रॅन्युल्स अगदी खडखडीत वाळवू नकोस, थोडी ओल राहू दे, मशीनचा स्पीडही कमी कर.