ड्रोन, नॉइझ, टेक्नो: रेकॉर्डवर काढायची गरज की नुसती हौस?

खरखर
आधीच सांगतो, रेकॉर्डशी माझं वैर नाही. पण सिंथवर (सिंथेसायझरवर) किंवा संगणकावर घडलेलं प्रयोगशील संगीत (लांबलेल्या स्थिर सुराचा ड्रोन, गोंगाटाचा नॉइझ, यंत्राच्या ठेक्याचा टेक्नो) हट्टाने विनाइलवर, म्हणजे रेकॉर्डवर, काढणं मला पटत नाही. फ्रेंच संगीतकार एलियान रादिगचंच काम घ्या. एआरपी २५०० सिंथवर रचलेली तिची 'त्रिलॉजी द ला मोर' तीन भागांत आहे आणि प्रत्येक भाग सलग पन्नास मिनिटं ते तासभर चालतो. ती १९९८ मध्ये तीन सीडींवर आली, ते योग्यच झालं. बारा इंची एलपीची एक बाजू मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला १८-२० मिनिटं नीट चालते. त्यापुढे सुईच्या खाचा दाटीने कापाव्या लागतात, आवाजाची पातळी उतरते आणि खरखर वर येते. मग तासभराच्या सुराचे तीन-चार तुकडे करून दर वेळी उठून बाजू पालटायची?

दुसरा मुद्दा भोकाचा. रेकॉर्डचं मधलं भोक अर्धा मिलिमीटर जरी सरकलं, तरी आतल्या खाचांवर (त्रिज्या ६० मिमी धरा) वेग ०.८ टक्क्यांनी वर-खाली होतो. म्हणजे ४४० हर्ट्झचा सूर जवळपास ३.७ हर्ट्झने चढतो आणि तेवढाच उतरतो, दर १.८ सेकंदांना एक हेलकावा. ठेक्याच्या गाण्यात हे खपून जातं. स्थिर सुरात कसं खपणार? तानपुऱ्याची जोडी इतकी हलली तर गवई बैठकीला बसेल का?

लेथवाला
भोकाचं गणित बरोबर आहे, निष्कर्ष चूक. सरकलेलं भोक हा प्रेसिंगचा (साच्याने रेकॉर्ड दाबून काढण्याचा) दोष आहे, माध्यमाचा नव्हे. ०.२ मिमीच्या आत ठेवणं कारखान्याला जमतं. नाही जमलं तर माल परत करायचा.

आणि हे संगीत रेकॉर्डवर 'आणलेलं' नाहीच, ते रेकॉर्डमधूनच निघालंय. फ्रेंच संगीतकार पिएर शेफरने १९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओत प्रयोग केले तेव्हा टेप हाताशी नव्हती, तबकड्या होत्या. बंद खाच, म्हणजे सुई त्याच वर्तुळात फिरत राहते ती, हे त्याचं मुख्य हत्यार होतं. आजचा लूप (सतत परत वाजणारा तुकडा) तिथूनच आला. पुढे अमेरिकेतल्या आरआरआर लेबलने १९९८ मध्ये एका एलपीवर ५०० बंद खाचा कापल्या. ही गोष्ट फाइलमध्ये 'रिपीट' दाबून होत नाही. सुई कुठल्या वर्तुळात पडेल ते ऐकणाऱ्याच्या हातात असतं, रचनेचा अर्धा भाग तोच आहे.

बंद खाच करायची असेल त्यांच्यासाठी हिशोब: ३३⅓ ला एक फेरा १.८ सेकंदांचा, म्हणजे चार ठोके बसवायचे तर वेग १३३.३३ बीपीएमच (मिनिटाला ठोके) हवा. १३० वर चार ठोक्यांना १.८४६ सेकंद लागतात, शेवटचा ठोका कापला जातो आणि लूप दर फेऱ्याला ठेचकाळतो. ४५ ला फेरा १.३३३ सेकंदांचा, तिथे १३५ बीपीएमचे तीन ठोके बसतात. टेक्नोवाल्या जेफ मिल्सच्या 'सायकल ३०' या रेकॉर्डमध्ये (१९९४) अशाच खाचा आहेत. सांधा जुळला नाही तर दर फेऱ्याला 'टक्' ऐकू येते. काहींना तीच हवी असते म्हणा.

खरखर
बंद खाच मान्य. पण दर शंभर रेकॉर्डमध्ये अशा किती? बाकी सगळे २४ बिटची फाइल पाठवतात आणि रंगीत विनाइल मागवतात.

मोनोखाली
भांडा खुशाल, पण खरी वाट लागते ती बासमध्ये. सिंथच्या बासवर (खालच्या सुरांवर) कोरस किंवा युनिसन या आवाज रुंद करणाऱ्या परिणामांचा पसारा टाकला की डावी-उजवी वाहिनी उलट फेजमध्ये जाते, म्हणजे एक चढते तेव्हा दुसरी उतरते. आडवी हलायची ती सुई मग वर-खाली हलू लागते. एका जागी खाच इतकी उथळ होते की सुई बाहेर उडते, तर दुसऱ्या जागी इतकी खोल की कापणारी सुई मूळ तबकडीवरचा लॅकरचा थर संपवून खालच्या अॅल्युमिनियमला टेकायला जाते. म्हणून कटिंगवाला (खाच कापणारा) १५० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली सगळं मोनो (दोन्ही वाहिन्यांत एकसारखं) करतो, आणि तुमचा 'रुंद' बास गायब होतो. ओरड मात्र रेकॉर्डच्या नावाने.

घरच्या घरी तपासा: मिक्स मोनो करून ऐका. बास पातळ झाला तर फाइल पाठवण्याआधी स्वतःच दुरुस्त करा.

चरणजित सिंगांची १९८२ ची मुंबईची एलपी आठवा: टीआर-८०८ ड्रम मशीन, टीबी-३०३ बास सिंथ, ज्युपिटर-८ सिंथ आणि दहा राग. ३०३ हे यंत्रच मोनो, त्यामुळे त्याचा बास मधोमध बसवला की खाचेला काही त्रास नाही. पण दहा राग एकाच एलपीवर, म्हणजे एका बाजूला वीसहून जास्त मिनिटं. याच कामाला बाजू वाढवून जागा दिली तर बासला जास्त मोकळीक मिळते, यात वाद नको.

खरखर
म्हणजे माझाच मुद्दा. माध्यम संगीताला वाकवतं.

लेथवाला
वाकवतंच. टेप नाही का वाकवत? बेसिक चॅनल या टेक्नो गटाच्या मंडळींनी १९९५ मध्ये बर्लिनमध्ये 'डबप्लेट्स अँड मास्टरिंग' हा स्वतःचा कटिंग स्टुडिओ काढला, तो काय हौसेखातर? खाचेत काय टिकतं हे माहीत असलं की त्या बेताने आवाज घडवता येतो.

आतलीखाच
दोघांनी एक गोष्ट सोडली. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला ५१ सेंमी वेगाने सरकते, आत १२० मिमी व्यासावर फक्त २१ सेंमी. तिथे १० किलोहर्ट्झची एक लाट जेमतेम २१ मायक्रॉन लांब असते, आणि गोल टोकाच्या सुईची त्रिज्या १५-१८ मायक्रॉन. ती लाटेच्या घळीत शिरणार कशी? मग झांजांसारखे कडक उच्च आवाज फाटतात.

त्यामुळे बाजूची रचना उलटी करा. कर्कश, तीक्ष्ण तुकडा सुरुवातीला आणि मंद ड्रोन शेवटी. नॉइझवाले याकडे दुर्लक्ष करतात, फाटलेलं त्यांना चालतं. दहा-बारा मिनिटांचंच काम असेल तर सरळ ४५ वर कापा, खाचेचा वेग ३५ टक्के वाढतो.

खरखर
ठीक. पण ड्रोनमधली शांतता? तिथे प्रत्येक टिचकी दगडासारखी पडते.

लेथवाला
म्हणून तर टेस्ट प्रेसिंग (चाचणीच्या प्रती) येतं. निदान तीन प्रती घ्या, साफ करा आणि टिचक्यांच्या जागा मिनिट-सेकंदासकट लिहून काढा. तिन्ही प्रतींत एकाच जागी टिचकी असेल तर दोष स्टँपरचा (दाबण्याच्या साच्याचा) किंवा त्याच्याही आधीचा, तेव्हा नवा स्टँपर किंवा नवं कटिंग मागा. एकाच प्रतीत असेल तर धूळ किंवा प्रेसची चूक. चर्र-चर्र असा फाटका आवाज सलग काही फेरे आला तर पीव्हीसी (रेकॉर्डचं प्लास्टिक) खाचेत पूर्ण भरलेलं नाही, बहुतेकदा तापमान किंवा दाबण्याची वेळ कमी पडलेली असते. कारखान्याला 'आवाज खराब आहे' असं लिहू नका. 'बाजू अ, ११:४०, तिन्ही प्रतींत' असं लिहा.

मोनोखाली
आणि तीस-चाळीसच प्रती हव्या असतील तर प्रेसिंगच्या भानगडीत पडू नका. लेथवर (खाच कापणाऱ्या यंत्रावर) एकेक प्रत कापून घ्या. खरखर जरा जास्त येते, पण शेकड्यांनी प्रती पलंगाखाली पडून राहत नाहीत.

खरखर
पलंगाखालचा मुद्दा पटला. रादिग मात्र सीडीवरच ऐकणार.