सिस्टरच्या फेऱ्या कशा लावायच्या?

माझ्याकडे चार सिस्टर, घरी जाऊन सेवा. पेशंट नाशकात पंचवटी, सिडको, नाशिकरोड असे विखुरलेले. प्रत्येकीला सहा घरं, तरी एकीला रोज तासभर उशीर. परवा ती द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकली; इकडे आजोबा इन्सुलिनसाठी नाश्ता समोर ठेवून बसलेले. फोनवर काय काय ऐकलं, विचारू नका!

सातपूरकर: ताई, घरं नका मोजू, मिनिटं मोजा. इंजेक्शन दहा मिनिटांत होतं, बेडसोअरच्या (अंथरुणाला खिळून झालेल्या जखमेच्या) ड्रेसिंगला पाऊण तास जातो. गाडीवरचा वेळही त्यातच धरा.

निवृत्त सिस्टर: इन्सुलिनवाले आधी, ड्रेसिंग नंतर. नाशिकरोडला राहणारीला देवळालीकडचेच पेशंट द्या, सकाळी द्वारका ओलांडायचीच कशाला?

प्रश्नकर्ती: पण पंचवटीच्या आजींना तीच हवी!

निवृत्त सिस्टर: मग आठवड्यातून एकदा, दुपारी पाठवा.