विषय: नर्सिंगला सुरुवात नेमकी कुठून करू?

नमस्कार मंडळी,

आजवर इथली पत्रं नुसती वाचत आले, पहिल्यांदाच लिहितेय. वय ३६, भारतातली तीन वर्षांची बी.कॉम., आणि अमेरिकेत आल्यापासून नोकरी नाही. एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर आहे, गेल्या वर्षी ईएडी, म्हणजे कामाचा परवाना आला. धाकटी आता दिवसभर शाळेत असते. सासूबाईंचं आजारपण जवळून पाहिलं तेव्हापासून नर्स व्हायचं मनात आहे. पण सीएनए (नर्सच्या हाताखालची मदतनीस), एलपीएन (आरएनच्या खालच्या पातळीची लायसन्सवाली नर्स), आरएन (रजिस्टर्ड नर्स), आणि आरएनसाठीच्या एडीएन (दोन वर्षांची) नि बीएसएन (चार वर्षांची) या पदव्या, हे सगळं वाचून डोकं गरगरतंय. एका खासगी संस्थेतल्या बाई फोनवर म्हणाल्या, "आधी एलपीएन करा, मग हळूहळू वर चढा." खरंच तसं असतं का?

– अ.

*

अ.,

भाचीच्या वेळी मी बरीच चौकशी केली होती. सरळ चार वर्षांचं बीएसएन करा. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या इथल्या आरोग्यविषयक सल्लागार संस्थेने २०१० मध्येच शिफारस केली होती की २०२० पर्यंत ८० टक्के नर्सेस बीएसएन असाव्यात. न्यूयॉर्कने तर २०१७ मध्ये कायदाच केला. मोठी हॉस्पिटलं आता दुसरं काही बघत नाहीत. अर्धवट कशाला शिकायचं?

– वि. काका

*

अ.,

काकांचं खोटं नाही, पण अर्धं आहे. न्यूयॉर्कचा कायदा एडीएनवाल्यांना अडवत नाही. आरएनचं लायसन्स मिळाल्यापासून दहा वर्षांत बीएसएन पूर्ण करा, एवढंच म्हणतो. मी स्वतः आधी सीएनए, मग कम्युनिटी कॉलेजातून एडीएन, आणि बीएसएन नोकरी करत ऑनलाइन, अशी आले. काका, यातलं अर्धवट काय ते सांगा.

आता त्या फोनवरच्या बाईंबद्दल. आरएन व्हायला आधी एलपीएन असावं लागत नाही. ती दोन वेगळी लायसन्सं, दोन वेगळ्या परीक्षा. एलपीएनचा अभ्यासक्रम साधारण वर्षाचा. वर्षभरात घरात पगार यायलाच हवा असेल, तर तो चांगला रस्ता आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. पण तुला आरएनच व्हायचं असेल, तर ते वर्ष आणि वर पुन्हा एलपीएनवरून आरएनला नेणारा ब्रिज कोर्स, असा वळसा पडतो. त्या बाई सल्ला देत नव्हत्या, जागा भरत होत्या.

एडीएन करा नाहीतर बीएसएन, शेवटी आरएनच्या लायसन्सची परीक्षा एकच, संगणकावरची एनक्लेक्स-आरएन. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, आणि तुझ्या उत्तरांवर पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी ठरते. संगणकाला तुझी डिग्री दोन वर्षांची की चार, याच्याशी देणंघेणं नसतं. हॉस्पिटलला असतं, हे काकांचं बरोबर. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांत एडीएनवर पहिली नोकरी मिळणं जड जातं. म्हणून तुझ्या भागातल्या नोकरीच्या जाहिराती आत्ताच वाचायला लाग.

"एक पदवी आहेच, मग वेगवान बीएसएन कर," असं कोणीतरी सांगेलच. बारा ते अठरा महिन्यांत होतं. पण आपली तीन वर्षांची पदवी इथल्या बॅचलर्सच्या बरोबरीची धरायला काही विद्यापीठं तयार नसतात. पदवीच्या मूल्यांकनाचे पैसे भरण्याआधी त्या-त्या विद्यापीठाला ईमेलने विचार आणि उत्तर लेखी घे. शिवाय अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी आधी लागतात, तीही लॅबसकट. बी.कॉम.वालीला शून्यापासून सुरुवात. आणि हे विषय घाईने आज करून ठेवून प्रवेश पुढे ढकलत बसू नकोस. बऱ्याच ठिकाणी पाच-सात वर्षांपूर्वीचं सायन्स चालत नाही.

मग सीएनएचं काय? तिलाही मी पायरी म्हणत नाही. मी तिला चाचणी म्हणते, तुझी तूच घेतलेली. केंद्र सरकारच्या नियमाने किमान ७५ तासांचं प्रशिक्षण, त्यातले निदान १६ तास देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. राज्यं यात भर घालतात, कॅलिफोर्नियात १६० तास आहेत. आणि हे कोणी सांगत नाही: मेडिकेअर-मेडिकेडच्या, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याच्या पैशांवर चालणाऱ्या नर्सिंग होमने (वृद्ध-आजाऱ्यांच्या निवासी केंद्राने) तुला आधी नोकरीवर घेतलं, तर प्रशिक्षणाचे पैसे तुझ्याकडून घेता येत नाहीत.

काम काय? अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, बेडपॅन. वर्गात मी पुतळ्यावर डायपर बदलायला शिकले, झटपट. पहिल्या दिवशी एका आजोबांचं बदलायची वेळ आली, तर ते तीन वेळा म्हणाले, "सॉरी, सॉरी." पुतळा कधी सॉरी म्हणाला नव्हता. हात थांबले माझे. काय बोलायचं ते पुस्तकात नव्हतं. शेवटी त्यांना त्यांच्या नातवंडांबद्दल विचारलं आणि काम आटपलं. आमच्यातली एक मुलगी दुसऱ्याच दिवशी निघून गेली. मला वाटतं ती शहाणी. दोन वर्षं आणि कर्ज घालवून कळण्यापेक्षा दोन दिवसांत कळलं.

कॉलेज कुठलंही घे, आधी राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या साइटवर त्याचं नाव आणि एनक्लेक्सच्या पहिल्या प्रयत्नाचा निकाल बघ. अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे कॉलेजची मान्यता बघ, नाहीतर पुढे तुझे क्रेडिट्स कोणी घेणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातलं प्रकरण बाहेर आलं, ७,६०० हून जास्त बोगस नर्सिंग डिप्लोमे विकले गेले होते.

– सु. ताई

*

मंडळी, व्हिसाचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. एच-४ वर शिकायला आडकाठी नाही, पण सीएनएची पगारी नोकरी ईएडीवरच. कार्डाची तारीख बघून शिफ्ट घ्या, नूतनीकरण रखडलं की काम थांबवावंच लागतं. आणि ग्रीनकार्डच्या दृष्टीने आरएन 'शेड्यूल ए'मध्ये येतात, म्हणजे नोकरी देणाऱ्याला लेबर सर्टिफिकेशनची (इथला माणूस मिळत नाही हे सरकारला दाखवण्याची) लांबलचक पायरी लागत नाही. एलपीएन त्यात येत नाहीत. तो वळसा घ्यायचा की नाही, हे ठरवताना एवढं धरा.

– म.

*

सु. ताई, मान्य. भाचीला घरून शिकायची सोय होती, मुलं नव्हती. अ.ची गोष्ट वेगळी. तरी बीएसएन कधीतरी कराच.

– वि. काका

*

ताई, काका, म. दादा,

दोन विद्यापीठांना लिहिलं. एकाने तीन वर्षांची पदवी चालणार नाही म्हणून कळवलं, दुसऱ्याचं उत्तर अजून नाही. कम्युनिटी कॉलेजात अ‍ॅनाटॉमीची संध्याकाळची एक जागा मिळालीय. जवळच्या नर्सिंग होममध्ये सीएनएच्या पुढच्या तुकडीसाठी नाव दिलंय, मंगळवारी मुलाखत आहे. घरी सगळ्यांना वाटतंय मी आठवड्याभरात परत येईन. बघू.

ताई, दिवसभर उभं राहायला बूट कसे घ्यावेत?

– अ.

*

धुता येतील असे. मऊपणा नंतर बघ.

– सु. ताई