शिकारी पक्षी दोनदा मोजले जात नाहीत का?

स्थलांतर करणाऱ्या शिकारी पक्ष्यांची मोजणी होते, तेव्हा घिरट्या घालणारे पक्षी दोनदा मोजले जात नाहीत का, असा प्रश्न पडतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात हॉक माउंटन नावाच्या डोंगरावर ही मोजणी चालते, तिथे मलाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर सोपं आहे: घिरट्या चालू असताना मोजायचंच नाही. सप्टेंबरच्या मध्यावर ब्रॉड-विंग्ड हॉक जातीचे शिकारी पक्षी गरम हवेच्या झोतात भोवऱ्यासारखे गरगरत वर चढतात. पार टोकाला पोचले, की पंख ताणून एकामागोमाग एक दक्षिणेकडे घसरत निघतात. तेव्हा हातातला काउंटर दाबायचा, टक टक टक! आपल्याला ओलांडून गेला तोच मोजणीत धरायचा.

निरभ्र निळं आकाश मात्र वैताग. पांढरा ढग मागे असला तर ठिपके निदान दिसतात तरी. थंडीची लाट येऊन वायव्येचा वारा सुटला, की डोंगराच्या धारेला धरून रांगच लागते.

याच धारेवर पूर्वी लोक बंदुका घेऊन बसायचे, गंमत म्हणून हे पक्षी पाडायचे. १९३४ साली रोझली एज या बाईंनी डोंगरच भाड्याने घेतला आणि ते थांबवलं. मोजणीही तेव्हापासूनची, मध्ये १९४३ ते ४५ युद्धामुळे खंड.

जाणार असाल तर बसायला उशी न्या. खडक भयंकर टोचतात.