‘फितुरी’ हा शब्द आपण फार स्वस्त केला का?

सापनकाठचा
आमच्याकडे शाळांची वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता ‘बलाढ्य राज्ये का कोसळली?’ मी परीक्षकांत होतो. देवगिरी असो, विजयनगर असो की नागपूरकर भोसले, पोरं थोडं बोलली की ‘फितुरी’वर येतात आणि तिथंच टाळ्या पडतात. शेजारचे परीक्षक म्हणाले, फितुरी नव्हे, भाऊबंदकी म्हणायला हवं होतं. तिसरे म्हणाले, दोन्ही एकच. एकच आहेत का? फितुरी, भाऊबंदकी, दगा, बंड, यांत तुम्ही बोलताना फरक करता का? आणि आपला चिखलदऱ्याचा गाविलगड किल्ला पडला त्याला यातला कोणता शब्द लागतो?

कास्तकार
आमच्या गावात फितूर म्हंजे कोर्टातला. ‘साक्षीदार फितूर झाला’, बस. ग्रामपंचायतीत अविश्वास ठराव आला का मेंबर फितूर नाही होत, थो ‘फुटते’. फुटलेला मानूस पुढच्या निवडनुकीत पुन्हा जुळते, त्याचं कोनाले काही वाटत नाही. फितूर झाला म्हटलं तं त्याच्या घरचा चहा कोनी घेत नाही. आन् भाऊबंदकी तं धुऱ्यावरची, म्हंजे वावराच्या बांधावरची. सख्ख्या चुलतभावानं धुरा कोरला, मंग तीन पिढ्या बोलनं बंद. त्यात कोनी चोरून काही करत नाही, समदं गावासमोर चालते.

निवृत्त मास्तर
कास्तकारभाऊंनी मुद्द्याचं सांगितलं. भाऊबंदकी उघड असते, फितुरी लपून असते. बंडही उघडच, पण ते खालच्यानं वरच्याविरुद्ध करायचं. दगा एका क्षणाचा असतो, त्याला आधीची ठरवाठरव लागतेच असं नाही. फितुरीला मात्र दोन माणसं लागतात, एक फितणारा आणि एक फितवणारा. भाषणात आपण पहिल्याला शिव्या घालतो, दुसऱ्याचं नावही घेत नाही.

शब्द अरबीतून आला. मूळ ‘फुतूर’ म्हणजे मंदपणा, ढिलाई, जोर ओसरणं. हिंदीत ‘दिमाग का फितूर’ म्हणतात त्यात बिघाडाची छटा राहिली, मराठीत तो थेट शत्रूला मिळालेल्या माणसावर जाऊन बसला. जोडीला ‘फंद’ आणून आपण ‘फंदफितुरी’ही केली. राज्यं कशी गेली हे पाहायचं तर मला हा जुना, ढिलाईचा अर्थ जास्त उपयोगी वाटतो.

देवगिरीच घ्या. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी उत्तरेतल्या कडा या गावाहून निघाला तो सुमारे आठ हजार घोडेस्वार घेऊन. दिल्लीच्या सुलतानाला, म्हणजे सख्ख्या चुलत्यालाही त्यानं पत्ता लागू दिला नाही. वाटेत आपल्या एलिचपुरास, आजच्या अचलपुरास, मुक्काम केला आणि आवई उठवली की आपण चुलत्यावर रुसून राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीला चाललो आहोत. परका सरदार घोडदळ घेऊन वऱ्हाडात उतरतो आणि देवगिरीत कोणी हलत नाही. रामदेवराव यादवांची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर दूर गेलेली. राजा घाईघाईनं किल्ल्यावर चढला. पोती वर चढवली, ती फोडली तर धान्याऐवजी मीठ निघालं, अशी गोष्ट इतिहासकार फिरिश्ता सांगतो. त्यानं ती तीनशे वर्षांनी लिहिली आहे, म्हणून मिठावर मी पैज लावणार नाही. पण वेढ्याला पुरेल एवढी रसद वर नव्हती हे तहाच्या घाईवरून दिसतंच. त्यात ‘मागून सुलतान वीस हजार फौज घेऊन येतोय’ ही दुसरी आवई. शंकरदेव परतला, लढाई त्याच्या बाजूनं झुकत होती, तेवढ्यात राखीव तुकडीची धूळ उठली. यादवांच्या लोकांना वाटलं, दिल्लीची फौज आली.

या सगळ्यात फितूर कुठं आहे? मला तर एकही दिसत नाही. हेर नाहीत, रसद नाही, फौज जागेवर नाही. याला मराठीत ‘गाफील’ म्हणतात, आणि तो शब्द भाषणात कोणी वापरत नाही, कारण त्यावर टाळ्या पडत नाहीत.

दर्यापूरकर
मास्तर, एवढं सोपं करू नका. फितुरी नव्हतीच असं म्हणाल तर पोरांनी काय खोटं सांगितलं? विजयनगरच्या फौजेतले दोन सरदार १५६५ च्या लढाईत ऐन वेळी उलटले असं सांगतात. आणि १८०३ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींचं काय झालं? गव्हर्नर-जनरलनं जाहीरनामा काढला, शिंद्यांची चाकरी सोडून या, तुमची सोय करू. युरोपियन अधिकारी निघून गेले. खुद्द सरसेनापती पेराँ सप्टेंबरात इंग्रजांच्या आश्रयाला गेला. ही फितुरी नाही तर काय?

निवृत्त मास्तर
ती फितुरीच, मान्य. उलट माझ्या म्हणण्याला तुम्ही बळच दिलंत, कारण तिथं फितवणारा स्पष्ट दिसतो. फितवणं हे इंग्रजांच्या युद्धाचं एक खातंच होतं, तोफखान्यासारखं. प्रश्न असा की शिंद्यांनी आपल्या सगळ्यात चांगल्या पलटणी अशा माणसांच्या हाती का दिल्या ज्यांची शेती, घर, नातं, काहीच या मुलखात नव्हतं? पगार थकला किंवा वारा फिरला की ते जाणारच. ‘भाडोत्री’ हा शब्द आपण गुंडांसाठी ठेवलाय, त्याची खरी जागा इथं आहे.

विजयनगरचं म्हणाल तर तिथला कारभार पाहणाऱ्या रामरायानं कित्येक वर्षं दख्खनच्या एका सुलतानाला दुसऱ्याविरुद्ध उभं करून राज्य चालवलं. ज्या दिवशी ते एक झाले त्या दिवशी त्याच्याकडे दुसरा डाव नव्हता. दोन सरदार उलटले नसते तर निकाल बदलला असता का, कोण जाणे. पण रणात रामरायाचं डोकं उडाल्यावर एवढी मोठी फौज पांगली, ती काही दोन सरदारांमुळे नाही. सगळा कारभार एका माणसावर उभा असला की असंच होतं.

आता मूळ प्रश्न, गाविलगड. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावची लढाई झाली, आजच्या अकोला जिल्ह्यात. भोसल्यांची फौज मन्याबापूंच्या, म्हणजे राजांच्या भावाच्या, हाताखाली होती. शिंद्यांनी सहा दिवस आधी इंग्रजांशी वेगळी तहकुबी, म्हणजे युद्धविराम, केली होती, तरी त्यांचं घोडदळ भोसल्यांच्या शेजारीच होतं. म्हणजे दोस्त अर्धा तहात आणि अर्धा रणात! इंग्रज सेनापती वेलस्लीनं ‘तुम्ही अटी पाळल्या नाहीत’ म्हणत दोघांवरही चाल केली. यशवंतराव होळकर त्या युद्धात उतरलेच नाहीत. त्याआधी ३१ डिसेंबर १८०२ ला खुद्द पेशव्यांनी वसईला तह करून इंग्रज फौज दारात आणून बसवली होती. ज्या राज्यात धनीच परक्याची फौज मागतो तिथं सरदारांनी काय करावं?

अडगावहून सुटलेले पुष्कळ लोक गाविलगडावर गेले. किल्लेदार बेनीसिंग. दक्षिणेचा कडा चढायला अशक्य, हे सगळ्यांना माहीत होतं, वेलस्लीलाही. म्हणून तो दक्षिणेला लष्कर घेऊन बसला आणि त्याच्याच बाजूच्या स्टीव्हन्सनच्या तुकडीनं मेळघाटाच्या डोंगरातून वाट काढत जड तोफा उत्तरेच्या अंगाला नेल्या. वाट नव्हती, ती करत करत गेले. १५ डिसेंबरला खिंडारातून आत शिरले. आतल्या कोटाला खिंडार नव्हतं, तिथं शिड्या लावून भिंत ओलांडली. बेनीसिंग दरवाज्यापाशी लढत पडला. त्याच्याबद्दल फितुरीचा शब्द काढणं हा त्या माणसाचा अपमान आहे.

म्हणून गाविलगडासाठी माझा शब्द ‘एकटा पडला’. किल्ला किती दिवस टिकतो ते भिंतीवर अवलंबून नसतं, बाहेरून सोडवायला येणारी फौज आहे की नाही त्यावर असतं. ती अडगावलाच मोडली होती. दोन दिवसांनी, १७ तारखेला, देवगावचा तह झाला. कटक गेलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड गेलं.

कास्तकार
मास्तर, लय लांब लिवता तुमी, पन वाचलं समदं. चिखलदऱ्याले पोट्टे सेल्फी काढाले जातात, कोन कुठं पडला कोनाले ठाव नाही.

बुलढाणेकरीण
क्रियापदांकडेही बघा. मराठीत किल्ला ‘पडतो’, राज्य ‘बुडतं’, गादी ‘जाते’, संस्थान ‘खालसा होतं’. ‘राज्य पडलं’ आपण म्हणत नाही. ‘सरकार पडलं’ मात्र म्हणतो, ते आजचं. पडायला क्षण पुरतो, बुडायला वेळ लागतो. देवगिरीचा किल्ला १२९६ मध्ये पडलाही नाही, तह झाला, एलिचपूरचा वसूल तोडून द्यावा लागला. तेव्हा ती ‘धाड’ होती. खंडणी थकल्यावर १३०७ च्या सुमारास अल्लाउद्दीनचा सरदार मलिक काफूर आला ती ‘स्वारी’. रामदेवरावाला दिल्लीला नेलं, मान देऊन परत पाठवलं, ‘राय रायान’ किताब दिला, आणि पुढं दक्षिणेत जाणाऱ्या काफूरच्या फौजेची सोय देवगिरीनंच केली. १३१८ ला शेवटचा यादव राजा हरपाळदेव मारला गेला तेव्हा कुठं राज्य बुडालं. दोन दशकांत एका बेसावध दिवसाचं व्याज फिटत राहिलं. आमच्याकडे शाळेत ‘अल्लाउद्दीनने देवगिरी जिंकली’ एवढ्या एका ओळीत उरकतात.

आणखी एक. आक्रमक नेहमी बाहेरूनच येतो असं नाही. सिंदखेडराजापासून लांब नसलेल्या साखरखेर्ड्याला ११ ऑक्टोबर १७२४ ला निजामानं मुबारिझखानाला मारलं. दोघंही मोगल बादशहाचेच चाकर. बादशहानं एकाला दुसऱ्यावर उठवलं आणि दख्खन कायमची गमावली. जिंकल्याबद्दल गावाला फत्तेखेर्डा नाव दिलं, पण लोकांनी साखरखेर्डाच ठेवलं. याला फितुरी म्हणायचं का बंड? माझ्या मते दोन्ही नाही. केंद्र ढिलं झालं की सुभेदार आपोआप राजे होतात.

झाडीपट्टी
भाऊबंदकीचं उदाहरण आमच्याकडचं घ्या. देवगडचे गोंड राजे. बख्त बुलंदनं नागपूर वसवलं, त्यांच्यात गादीचा तंटा लागला. त्यांचा वारस राजा चांद सुलतान वारल्यावर राणी रतनकुंवरनं मुलांचा हक्क राखायला वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. रघूजी आले, निवाडा केला, मोबदला घेऊन गेले. पुढं बुऱ्हाण शहा आणि अकबर शहा या भावांतच बिनसलं, पुन्हा रघूजी आले, आणि त्या वेळी परत गेले नाहीत. बुऱ्हाण शहा नावाचा राजा, कारभार भोसल्यांचा. चंद्रपूरचं राज्यही त्यानंतर काही वर्षांतच गेलं.

इथं आक्रमक म्हणावं कोणाला? आमंत्रण होतं! आमच्याकडे म्हातारी माणसं याला ‘पंच बोलावला नि वावर गेलं’ म्हणतात.

आणि हेच भोसल्यांवर उलटलं. १८१६ मध्ये दुसरे रघूजी वारले, मुलगा परसोजी दुबळा, चुलतभाऊ आप्पासाहेबांना स्वतःची जागा पक्की करायची होती. मे महिन्यात त्यांनी तैनाती फौजेचा तह केला. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजींचा घात झाला, आप्पासाहेब गादीवर. नोव्हेंबरात त्याच इंग्रजांवर सीताबर्डीच्या टेकडीवर हल्ला करावा लागला आणि तो फसला. जी फौज भावकीविरुद्ध आधार म्हणून आणली, तीच आता रेसिडेन्सीच्या, म्हणजे इंग्रज वकिलाच्या कोठीच्या, संरक्षणाला उभी.

सापनकाठचा
म्हणजे ‘तैनाती’ हा शब्दही नीट समजवायला पाहिजे. पोरं ‘तैनाती फौज’ म्हणजे कोणती तरी शूर फौज समजतात.

निवृत्त मास्तर
तैनात म्हणजे नेमलेला, हुकमाखाली ठेवलेला. आजही ‘पोलीस तैनात’ म्हणतो. गोम अशी की फौज तुमच्या राज्यात तैनात, खर्च तुमचा, हुकूम दुसऱ्याचा. निजामाचं तर त्याहून कठीण. १८५३ मध्ये कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रज अधिकाऱ्यांखाली ठेवलेल्या फौजेच्या, पगाराची बाकी भागवायला वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली द्यावं लागलं. एक गोळी न झाडता. पन्नास वर्षांपूर्वी हाच मुलूख भोसल्यांकडून घेऊन निजामाच्या पदरात टाकला होता, त्याला किती लढाया लागल्या ते वर आलंच आहे.

दर्यापूरकर
बरं, एवढं मान्य करतो की ‘फितुरी’ या एका शब्दावर गुण देऊ नयेत. पण स्पर्धेतल्या पोराला चार-पाच मिनिटं मिळतात. त्यात तहकुबी, रसद, वारसा, तैनाती, सगळं कसं बसवायचं?

निवृत्त मास्तर
सगळं बसवू नये. एक लढाई घ्यावी आणि ‘त्या दिवशी फौज कुठं होती, तिचा पगार कोण देत होतं’ एवढं सांगावं. फितूर असेल तर त्याचं नाव, आणि त्याला फितवलं कोणी तेही. नाव सांगता येत नसेल तर तो शब्द वापरू नये.

कास्तकार
एक इचारतो. ‘खालसा’ म्हंजे आमच्या म्हाताऱ्याच्या बोलन्यात सरकारी गाव, जहागिरीतलं नाही असं. मंग नागपूर खालसा झालं म्हंजे जप्त झालं, हे कसं?

बुलढाणेकरीण
तुमच्या म्हाताऱ्यांचाच अर्थ मूळचा. अरबी ‘खालिस’ म्हणजे शुद्ध, निव्वळ. मधे जहागीरदार, इनामदार नाही, वसूल थेट सरकारात, ते गाव खालसा. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये गेले, औरस वारस नव्हता, डलहौसीनं दत्तक मानला नाही आणि पुढच्या वर्षी नागपूरचा वसूल थेट कंपनीकडे जायला लागला. जप्तीचा अर्थ आपण नंतर चिकटवला. पूर्व विदर्भात मालगुजारीमुळे, म्हणजे गावाचा सारा मालगुजारामार्फत भरण्याच्या पद्धतीमुळे, हा शब्द वेगळा वापरत असतील, झाडीपट्टीवाल्यांनी सांगावं.

झाडीपट्टी
आमच्याकडे मालगुजारी गाव नि रयतवारी गाव (शेतकरी थेट सरकारात सारा भरतो ते) असंच बोलतात. ‘खालसा’ जुन्या कागदांत असेल, आजीच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. भंडाऱ्याकडचं कोणी असेल तर लिहा.