मित्र-दांपत्य विभक्त होत आहे आणि त्याचे पडसाद आमच्या घरात उमटत आहेत

शाईचे पेन (पुणे)

आमची चौघांची मैत्री अठरा वर्षांची आहे. २०११ मध्ये त्या दोघांनी घरच्यांचा विरोध पत्करून विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न केले, तेव्हा जे तीन साक्षीदार लागतात त्यांतले दोन आम्ही नवरा-बायको होतो. सही करताना माझ्या पेनातली शाई संपली आणि मैत्रिणीने स्वतःचे पेन माझ्या हातात दिले. ते मी परत करायचे विसरले आणि आजही ते माझ्या कपाटाच्या खणात आहे. त्यानंतरच्या प्रत्येक दिवाळीचा फराळ एकत्र झाला, मुले पाठोपाठ झाली, एकमेकांच्या घराच्या किल्ल्या एकमेकांकडे राहिल्या.

मार्चमध्ये मित्र वाकडला भाड्याच्या घरात राहायला गेला. यात तिसरे माणूस नाही, मारहाण नाही, व्यसन नाही; वर्षानुवर्षे साचलेला अबोला आहे, आणि परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचे दोघांनी ठरवले आहे. त्यांच्या निर्णयावर मला मत मांडायचे नाही. मला विचारायचे आहे ते आमच्याबद्दल.

माझ्या नवऱ्याला हे सगळे जानेवारीपासून माहीत होते आणि मला मात्र ते मार्चमध्ये मैत्रिणीच्या फोनवरून कळले. मित्राला शब्द दिला होता, असे तो म्हणतो. त्याचे म्हणणे मला समजते, तरीही दोन महिने रोज रात्री एका ताटलीतून फळे खाताना त्याने एवढी मोठी गोष्ट मनात ठेवली, हे काही केल्या माझ्या मनातून जात नाही. आता तो शनिवारी मित्राला भेटतो, मी रविवारी मैत्रिणीला भेटते, आणि परत आल्यावर आम्ही एकमेकांना काय सांगायचे आणि काय नाही याचा हिशेब करत गप्प बसतो. ‘तो ऐकताना माझ्याकडे बघतच नाही’ ही तिची तक्रार ऐकल्यापासून माझा नवराही तसेच करतो का, हे मी नकळत तपासू लागले आहे. गेल्या आठवड्यात रिक्षात माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने विचारले, ‘आपल्या घरातून कोण जाणार, तू की बाबा?’

शिवाय गौरी-गणपती जवळ आले आहेत. गौरीच्या जेवणाला मैत्रीण दरवर्षी सवाष्ण म्हणून असते. यंदा तिला बोलवायचे का, असे सासूबाईंनी विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

काळा कोट (नाशिक)

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते, त्यामुळे आधी साक्षीच्या सहीबद्दल लिहिते. तुम्ही ते पेन आजवर जपून ठेवले आहे त्यावरून ती सही तुम्हाला ओझ्यासारखी वाटत असावी असे मला जाणवले. दोघांनी तुमच्यासमोर राजीखुशीने लग्न केले, एवढ्याचीच ती साक्ष आहे. ते लग्न टिकवण्याची हमी कायद्याने तुमच्याकडून कधीही घेतलेली नाही.

विशेष विवाह कायदा १९५४ चा आहे आणि त्याच्या कलम २८ मध्ये परस्पर संमतीच्या घटस्फोटाची तरतूद आहे. दोघांनी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते, अर्ज दाखल झाल्यावर सहा महिन्यांनी आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा न्यायालयापुढे येऊन तीच इच्छा कायम असल्याचे सांगावे लागते. हिंदू विवाह कायद्यातल्या अशाच सहा महिन्यांच्या अटीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती अट योग्य प्रकरणात शिथिल करता येते असे म्हटले. तरी एकूण हा काळ लांबचा आहे, आणि माझ्या अनुभवात मित्रमंडळींची सर्वांत जास्त ओढाताण याच काळात होते. कधी दोघांपैकी एकाचे मन डळमळते, कधी मुलाच्या ताब्यावरून किंवा घराच्या कर्जावरून ठरलेले फिसकटते, आणि संमतीचा अर्ज मागे घेऊन प्रकरण वादाचे होते. तसे झाले तर कोणताही पक्ष तुम्हाला साक्षीला बोलावू शकतो, आणि समन्स आल्यावर मैत्रीचे कारण सांगून घरी बसता येत नाही.

म्हणून एक काळजी घ्या. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहू नका, निरोप पोहोचवू नका, ‘त्याने तुझ्याबद्दल असे म्हटले’ हे वाक्य तर अजिबात नको. कौटुंबिक न्यायालयांच्या १९८४ च्या कायद्यातील कलम १४ नुसार न्यायालयाला पुरावा स्वीकारण्याची बरीच मोकळीक आहे, आणि पती-पत्नीमधील गुपचूप ध्वनिमुद्रित केलेले संभाषणही वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालू शकते असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ठरवले आहे. समजुतीच्या भरात पाठवलेला तुमचा एखादा संदेश पुढे कागदपत्रांच्या गठ्ठ्यात दिसला, तर दोन्ही मैत्री त्याच दिवशी संपतील. असे मी पाहिले आहे. समेटाचे काम न्यायालयातल्या विवाह समुपदेशकांवर सोडा. त्यांना दोघांपैकी कोणाशीही जुना स्नेह नसतो, आणि त्या कामात तेच उपयोगी पडते.

आकडेमोड (ठाणे)

लेकीच्या प्रश्नामागे आणि तुमच्या त्या तपासण्यामागे जी भीती आहे, तिच्याबद्दल एक संशोधन आहे म्हणून लिहितो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ पासून हृदयरोगाचा दीर्घ अभ्यास चालू आहे. त्या अभ्यासात लोकांनी आपले नातेवाईक आणि जवळचे मित्र कोण ते नोंदवले होते, त्यामुळे रोझ मॅकडरमॉट, जेम्स फाउलर आणि निकोलस ख्रिस्ताकिस यांना तीन दशकांहून अधिक काळच्या नोंदी तपासता आल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात जवळच्या मित्राचा घटस्फोट झालेला असेल तर माणसाचा स्वतःचा घटस्फोट होण्याची शक्यता ७५ टक्क्यांनी आणि मित्राच्या मित्राचा झालेला असेल तर ३३ टक्क्यांनी अधिक आढळली.

हा आकडा वाचून घाबरू नका. पहिली गोष्ट म्हणजे माणसे आपल्यासारख्याच माणसांशी मैत्री करतात, त्यामुळे त्यांच्या आयुष्यात सारख्या घटना घडल्या तर त्या एकमेकांमुळेच घडल्या असे म्हणणे अवघड असते. अशाच पद्धतीने हिशेब केला तर उंची आणि मुरुमेसुद्धा मित्रांकडून ‘पसरतात’ असे दिसू शकते, हे २००८ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिले होते. दुसरे म्हणजे ते एक अमेरिकन गाव आहे, तिथली टक्केवारी उचलून पुण्यातल्या एका घराला लावता येत नाही. मात्र त्याच निबंधात असेही आढळले की जितकी मुले अधिक तितका मित्रांच्या घटस्फोटाचा दांपत्यावर होणारा परिणाम कमी, आणि आपल्या मित्रांच्या संसाराची काळजी घेतल्याने आपलाही संसार टिकायला मदत होत असावी, असे संशोधकांनी सुचवले आहे.

मला स्वतःला वाटते की जवळच्या घरात असे घडले की जो प्रश्न आपण कधी विचारलाच नव्हता तो अचानक विचारण्याजोगा होतो. तुम्ही नवऱ्याकडे ‘ऐकताना बघतो का’ म्हणून पाहू लागलात, यात गैर काही नाही. ते त्याला न सांगता पाहत राहणे मात्र तुम्हालाच जड जाईल. सरळ विचारा.

मधला बाक (नागपूर)

मी या गोष्टीच्या दुसऱ्या बाजूला होतो. २०१६ मध्ये मी आणि माझी पत्नी विभक्त झालो, आणि त्या वेळी मीही माझ्या मित्राला ‘वहिनींना सांगू नकोस’ असे म्हटले होते. त्याने माझा शब्द पाळला. त्याच्या घरात त्यावरून किती दिवस धुसफूस झाली हे मला दोन वर्षांनी कळले, तेव्हा फार लाज वाटली. मी तेव्हा बुडत होतो आणि जो हात सापडला तो धरला. ज्याचा हात धरला आहे त्याच्या दुसऱ्या हातात कोणाचा हात आहे, हे मी पाहिलेच नाही. मित्राला नवराबायकोत गुपित ठेवायला सांगण्याचा मला काहीही अधिकार नव्हता. तुमच्या यजमानांना हे कृपया वाचायला द्यावे. चूक त्यांच्या एकट्याची नाही, त्यांच्याकडे तो शब्द मागणाऱ्याचीही आहे.

आमच्या परिचयातल्या बहुतेक दांपत्यांनी आम्हा दोघांनाही बोलावणे हळूहळू बंद केले. कोणाला बोलवावे हे ठरेना म्हणून कोणालाच बोलवायचे नाही, असे झाले. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. फक्त एका दांपत्याने वेगळे केले. दोघे मिळून माझ्याकडे आले आणि समोर बसून म्हणाले, ‘तिच्याबद्दल तुझ्याशी बोलणार नाही आणि तुझ्याबद्दल तिच्याशी नाही, पण तिला भेटलो हे तुझ्यापासून लपवणारही नाही.’ हेच त्यांनी तिलाही सांगितले होते. मला क्षणभर राग आला, कारण मला माझ्या बाजूचे माणूस हवे होते. त्या काळातली माझी टिकलेली मैत्री मात्र तेवढी एकच आहे.

शक्य असेल तर शनिवार-रविवारची वाटणी मोडा. एकदा तरी दोघे मिळून त्याच्याकडे जा आणि दोघे मिळून तिच्याकडे जा. तुमचा मित्र आणि तुमची मैत्रीण अशी वाटणी त्यांनी केलेली नाही, ती तुमच्या घरात झाली आहे.

देवगडची (सध्या मुक्काम कोल्हापूर)

वयाने बरीच मोठी आहे, म्हणून एकेरी लिहिते, राग मानू नकोस.

सासूबाईंच्या प्रश्नाला वाईट समजू नकोस. त्यांच्या पिढीला सवाष्ण कोण आणि कोण नाही हे डोळ्यांत तेल घालून पाहायला शिकवले गेले, आणि त्यांनी तुला न विचारता यादीतून नाव गाळले नाही, तुला विचारले, हे लक्षात घे. आमच्याकडे मोठ्या जाऊबाई विधवा झाल्या त्या वर्षी त्या गौरीच्या दिवशी सकाळपासून स्वयंपाकघरात राबल्या आणि पाने मांडली तेव्हा मागच्या दाराने अंगणात जाऊन बसल्या. पुरण त्यांच्या हातचे होते. तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पुढच्या वर्षी मी सासऱ्यांसमोर उभी राहून सांगितले की जाऊबाई पहिल्या पंगतीला नसतील तर मीही नसेन, आणि तेव्हापासून आमच्याकडे ज्येष्ठा गौरीच्या पंगतीला घरातली आणि शेजारची प्रत्येक बाई बसते.

तू सवाष्णीचा वाद घालूच नकोस. कायद्याने ती अजून विवाहित आहे असला मुद्दाही काढू नकोस, कारण मग पुढच्या वर्षी काय करशील? सासूबाईंना एवढेच आठवण करून दे की गौर ही माहेरवाशीण म्हणून येते. तिला आपण दारातून पावलांनी आत आणतो, घर दाखवतो, भाजी-भाकरी खाऊ घालतो, दुसऱ्या दिवशी पुरणाचे जेवण करतो आणि तिसऱ्या दिवशी डोळे भरून पाठवतो. तुझ्या मैत्रिणीच्या लग्नाला घरून विरोध होता असे तू लिहिले आहेस. तेव्हा तिच्या बाजूने सही करायला तू उभी होतीस, म्हणजे तिचे माहेर कोणते ते तूच सांग.

बोलावणे फोनवर करू नकोस, हळदीकुंकू घेऊन घरी जा, आणि आणखी कोण कोण येणार आहे ते तिला स्पष्ट सांग, म्हणजे दारात उभे राहून कोणाच्या नजरेला तोंड द्यावे लागेल याची तिला कल्पना येईल. मित्राला वेगळ्या दिवशी आरतीला बोलव. त्यांच्या मुलाला मात्र दोन्ही दिवस येऊ दे.

शाईचे पेन (पुणे)

सगळ्यांनी एवढे मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार मानते.

‘मधला बाक’ यांचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. त्याने तो दोनदा वाचला आणि मग गच्चीत बसून जानेवारीतली ती रात्र पहिल्यांदा सविस्तर सांगितली. मित्र आमच्या इमारतीखाली गाडी लावून दीड तास आत बसून होता, वर यायला तयार नव्हता, आणि शब्द घेतल्याशिवाय तोंड उघडायला तयार नव्हता. माझा राग पूर्ण गेला असे म्हणणार नाही. पण मी वर टीव्ही पाहत होते आणि खाली तो एकटा बसला होता, हे ऐकून मला त्याच्यासाठीही रडू आले. मार्चपासून मी त्याच्यासाठी एकदाही रडले नव्हते. ‘ऐकताना बघत नाहीस’ हेही बोलून टाकले. नवऱ्याने ते मान्य केले नाही आणि नाकारलेही नाही, फोन मात्र आत ठेवून आला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे मिळून आधी वाकडला आणि मग मैत्रिणीकडे जाणार आहोत. आमच्यापैकी एकाला सांगितलेले आम्हा दोघांनाही कळेल, हे दोन्हीकडे आधीच सांगू. लेकीला आम्ही दोघांनी समोर बसवून सांगितले की आपल्या घरातून कोणीही जाणार नाही. तिने लगेच विचारले की त्यांनीही हेच सांगितले होते का, आणि त्यावर आम्हाला थोडे थांबावे लागले. त्यांच्याकडे बोलणे बंद झाले होते आणि आम्ही बोलतो आहोत, एवढेच खरे उत्तर देता आले.

सासूबाईंना ‘देवगडची’ यांचे लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवले. त्या काहीच बोलल्या नाहीत. आज सकाळी भाजीची यादी करताना त्यांनी विचारले, ‘तिला घोसाळ्याची भजी आवडतात ना?’ मी हो म्हटले आणि त्यांनी यादीत घोसाळी लिहिली. मैत्रीण येते असे अजून म्हणालेली नाही. उद्या संध्याकाळी हळदीकुंकू घेऊन तिच्याकडे जाते आहे.