फिनलंडमधली युलॅमा कुंता बंद झाली म्हणजे नक्की काय झालं?

सायमाकाठी:
नमस्कार मंडळी, मी लापेनरांताला शिकायला आहे, दीड वर्ष झालं. गेल्या रविवारी मित्राच्या गाडीतून युलॅमाला जाऊन आलो, तो स्पेक्ट्रोलाइट दगड बघायचा होता म्हणून. एरवी काळपट करडा दिसतो पण हातात जरा तिरका धरला की आतून असा निळा, हिरवा, केशरी पेटतो की नजर हटत नाही. तर तिथे एका जुन्या माहितीपत्रकावर 'युलॅमा कुंता' असं छापलेलं आणि आत्ताच्या नकाशात सगळं लापेनरांता शहरात! अहो पण तिथे नुसतं जंगल, शेतं आणि लांब लांब घरं, शहर कुठंय त्यात? कुंता अशी बंद कशी होते, आणि लोकांचं काय होतं?

उत्तरेचा_पाहुणा:
कुंता म्हणजे इथली स्थानिक स्वराज्य संस्था, आणि शहर असो की खेडं, कायद्याने दोघं एकच, 'शहर' हे आता नुसतं नावापुरतं, त्यामुळे जंगलही शहरात असू शकतं. दोन कुंता एकत्र होतात त्याला कुंतालीतोस म्हणतात. लापेनरांतात १९८९ला नुइयामा आली, २००९ला योउत्सेनो आणि १ जानेवारी २०१०ला युलॅमा, तेव्हा तिथे साधारण १,४०० माणसं होती.
तो काळच तसा होता, एकट्या २००९च्या १ जानेवारीला देशातल्या कुंता ४१५ वरून ३४८ वर आल्या. कारण उघड आहे, तरुण बाहेर पडतात, मागे म्हातारी माणसं, कर भरणारे कमी, आणि शाळा वगैरे मात्र चालवायलाच लागते. सरकारनेही विलीन होणाऱ्यांना अनुदान दिलं.
लोकांना काही फॉर्मबिर्म भरायला लागत नाही, पत्ता तोच, फक्त कुंता बदलते. मालमत्ता, कर्ज, करार सगळं नव्या कुंतेकडे जातं, त्या वेळच्या विलीनीकरणात कर्मचाऱ्यांना पाच वर्षं आर्थिक कारणावरून कामावरून काढता येत नव्हतं. इन्कम टॅक्समधला कुंतेचा दर मात्र शहराचा लागतो.

दगडवेडी:
युलॅमाचं नाव निघालं की मला राहवत नाही! हा दगड सापडला तो दुसऱ्या महायुद्धामुळे. १९४०च्या सुमारास सीमेवर साल्पा नावाची तटबंदी बांधत होते, खंदक, बंकर, रणगाडे अडवायला ओळीने मोठमोठे दगड, त्या कामात हा चमकणारा खडक पुढे आला. आहे तो लॅब्राडोराइट नावाचं खनिजच, पण रंग इतके जास्त की भूशास्त्रज्ञ आर्ने लायताकारींनी त्याला स्पेक्ट्रोलाइट असं वेगळं नाव दिलं. आजही दगडाच्या लेबलवर युलॅमाच लिहितात, लापेनरांता नाही, आणि मला ते फार बरोबर वाटतं.
अजून एक, युलॅमा स्वतःच शेजारच्या सॅक्कीयॅर्वी कुंतेतून वेगळी निघालेली. त्या सॅक्कीयॅर्वीचा बहुतेक भाग युद्धानंतर सोव्हिएत रशियाकडे गेला, लोकांना घरंदारं सोडून यायला लागलं. म्हणजे आईचं गाव सीमेपलीकडे राहिलं आणि लेकीची कुंता नकाशावरून गेली. पूर्वज शोधणाऱ्यांनी म्हणूनच चर्चच्या जुन्या नोंदी आधी सॅक्कीयॅर्वीच्या नावाखाली बघाव्यात.

सायमाकाठी:
बापरे, हे काहीच माहीत नव्हतं. मग आता शहराच्या कौन्सिलमध्ये युलॅमाची एखादी तरी राखीव जागा असेल ना?

केल्याकाठची_सून:
नाही ना, खरं दुखणं तेच आहे. फिनलंडमध्ये कुंतेच्या निवडणुकीत वॉर्ड नसतात, अख्खी कुंता एकच मतदारसंघ. लापेनरांता सत्तर हजारांच्या वरचं, त्यात चौदाशे लोकांचा आवाज कितीसा पोचणार? आमच्या सासरचं गाव असंच दुसऱ्या एका शहरात गेलं. सासूबाई सांगतात, पूर्वी रस्त्यावरचा बर्फ काढला नाही तर कौन्सिलचा सभासद दुकानात भेटायचा, तिथेच त्याला धरायचं. आता अर्ज करायचा आणि वाट बघायची. पैशांचं गणित मला पटतं, तरी हे जे गेलं ते काही कुणी मोजत नाही. काही ठिकाणी लांबच्या भागासाठी वेगळं मंडळ ठेवतात, उत्तरेकडच्या रोवानिएमी शहरात युलाकेमियोकी भागातल्या गावांसाठी १९९३ पासून आहे, स्वतःच्या बजेटसकट. माझ्या मते विलीन करताना हे सगळीकडेच करायला हवं होतं.

उत्तरेचा_पाहुणा:
पटलं. फक्त दवाखान्याचं खापर शहरावर फोडू नका कुणी, २०२३ पासून आरोग्य आणि वृद्धांची सेवा कुंतांकडे नाहीच, त्यासाठी २१ वेगळे विभाग केलेत आणि हेलसिंकी स्वतंत्र.
आणि सायमाकाठी, युरोपियन युनियनबाहेरच्या माणसालाही इथे कायदेशीर रहिवासी म्हणून सलग दोन वर्षं झाली आणि तो १८ वर्षांचा असला की कुंतेच्या निवडणुकीत मत देता येतं, नागरिकत्व लागत नाही. पुढची निवडणूक एप्रिल २०२९ला आहे, तोवर इथेच असलात तर तुमच्या आणि युलॅमावाल्यांच्या हातात एकच मतपत्रिका असेल.

सायमाकाठी:
हे तर कुणीच सांगितलं नव्हतं! शिक्षण संपल्यावर इथेच नोकरी बघतोय, मिळाली तर युलॅमाच्या उमेदवारालाच विचारेन आधी, तुमच्या गावासाठी काय मागताय म्हणून.